नगरपरिषदेचा टँक, मंडळाचे तास

बुलडाणा जिल्ह्यात घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावाहून जलतरण मंडळाच्या सचिवांनी विचारलंय. नगरपरिषदेचा पंचवीस मीटरचा टँक आहे, मंडळ तिथं रोज सकाळी दीड तास मुलांची बॅच घेतं. परवानगी तोंडी, तीही मागच्या एका नगराध्यक्षांची. आता मुख्याधिकाऱ्यांचं पत्र आलंय: परवानगीचे कागद दाखवा, मागचं भाडं भरा, आणि यापुढे टँक निविदा काढून एजन्सीला चालवायला देण्याचं विचाराधीन आहे. पालक म्हणतात मोर्चा नेऊ. मंडळातले दोघंतिघं म्हणतात आपणच निविदा भरू, टँकच घेऊन टाकू. यातलं काय करावं, असा प्रश्न आहे.

सचिव भाऊ, दोन्ही नको. मोर्चाचं नंतर सांगतो. टँक चालवायला घेण्याचा विचार मात्र आजच डोक्यातून काढा. चांगली चालती मंडळं या मोहात बुडताना मी पाहिली आहेत. तुम्हाला हवेत पाण्यातले तास. चावी हातात आली की तासांबरोबर मोटर, वीजबिल, उखडलेल्या फरश्या, उन्हाळ्यातले टँकर आणि उद्या काही बरंवाईट झालं तर पोलीस ठाण्याची पायरी, हे सगळं तुमच्या नावावर येतं. पोरांना फ्रीस्टाइल शिकवणारा माणूस मग सकाळी सहाला महावितरणच्या ऑफिसबाहेर उभा असतो.

आता पत्राकडे वळू. अशा पत्रामागे बहुतेक वेळा लेखापरीक्षण असतं. स्थानिक निधी लेखापरीक्षेवाले येतात, रजिस्टर चाळतात, आणि ‘न.प. मालमत्तेचा वापर विनाकरार, विनाशुल्क’ असा आक्षेप काढून जातात. त्याचं उत्तर सीओ साहेबांना, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना, द्यायचं असतं, आणि ते साहेब वर्ष-दोन वर्षांत बदलून जाणार असतात. आपल्या नावावर वसुलीचा पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणातला आक्षेप, ठेवून जायला कोणाला आवडेल? तुम्हाला ते पत्र अपमानाचं वाटलं, हे समजतं. पण टेबलाच्या त्या बाजूला बसून वाचा. त्यांना फाइलमध्ये लावायला काहीतरी हवंय. मंडळ त्यांच्या टँकमध्ये किती वर्षं आहे, किती पदकं आली, जुने नगराध्यक्ष किती भले होते, यातलं काहीच फाइलला लागत नाही. ठराव लागतो, करारनामा लागतो, पावती लागते.

तोंडी परवानगीचं आपल्याकडे फार चालतं. “टँक तं आपलाच हाये नं” म्हणून सुरू होतं आणि चालत राहतं. मधली काही वर्षं नगरपरिषदांवर प्रशासकच होते, तेव्हा तर सभागृहच नव्हतं, ठराव कुठून येणार? त्या काळात साहेबांनी मान हलवली एवढ्यावर चाललेल्या गोष्टी आता एकेक करून उघड्या पडतायत. तुमची एकट्याची नाही ही गत.

उत्तर लिहायच्या आधी घरचे कागद बघा. मंडळाची नोंदणी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झालेली असेल. झाली असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरात कार्यकारिणी म्हणून कोणाची नावं आहेत? माझा अनुभव असा, की निम्म्या मंडळांत तिथं अजून संस्थापकांचीच नावं असतात, त्यातले एखाद-दोन वारलेलेही असतात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो, आणि तो टाकायचं सगळ्यांच्या राहून जातं. एजन्सीच्या बाजूचा एखादा नगरसेवक हे नक्की शोधून काढतो आणि सभेत विचारतो, “हे सचिव कोण? यांना अधिकार कोणी दिला?” तिथं तुमचं तोंड बंद होतं. तेव्हा वकिलाला गाठा, उशीर माफ करण्याच्या अर्जासह चेंज रिपोर्ट टाका, राहिलेली ऑडिट करून घ्या. याला वेळ लागेल, पण अर्ज दाखल केल्याची पोच हातात असली तरी बोलता येतं. आणखी एक. मंडळाच्या कार्यकारिणीत विद्यमान नगरसेवक असेल तर त्याला हात जोडून बाहेर काढा. नगरपरिषदेशी होणाऱ्या करारात नगरसेवकाचा हितसंबंध निघाला तर त्याचं पद जाऊ शकतं, आणि त्याच्या भांडणात तुमचा करार बळी जाईल.

यानंतरची गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: लेनचा हिशोब. गावात बोललं जातं, “मंडळवाल्यांनी टँक बळकावला.” खरंच बळकावलाय का, हे कोणी मोजलेलं नसतं. तुम्ही मोजा. समजा टँकला सहा लेन आहेत आणि तो सकाळी चार, संध्याकाळी चार असे आठ तास चालतो. म्हणजे दिवसाला अठ्ठेचाळीस लेन-तास. मंडळ चार लेन दीड तास वापरतं, म्हणजे सहा लेन-तास. बरोबर आठवा हिस्सा. हा एक आकडा कागदावर आला की दोन्ही बाजूंचा आवाज खाली येतो. मंडळाला ‘फुकट द्या’ म्हणता येत नाही, कारण आठवा हिस्सा खर्च उचलायची तयारी दाखवायला हवी; आणि गावाला ‘बळकावला’ म्हणता येत नाही, कारण सात हिस्से इतरांसाठी मोकळेच आहेत. महिन्याचा खर्च समजा एक लाख साठ हजार धरला, तर तुमचा वाटा वीस हजार. चाळीस मुलं असतील तर डोईला पाचशे. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे आकडे नगरपरिषदेकडून लेखी मागवा: वीज, क्लोरीन, पगार, दुरुस्ती.

पूर्ण आठवा हिस्सा तुम्ही भरायलाच हवा असं नाही. बागेच्या तिकिटातून माळ्याचा पगार निघावा असं कोणी म्हणत नाही, मग टँकनं तेवढं का कमवावं? सवलत मागा. पण बदल्यात काहीतरी द्या, आणि ते कागदावर द्या. नगरपरिषदेच्या शाळेतल्या मुलांची एक बॅच मोफत घ्या. ज्यांचे आईबाप सोंगणीला जातात आणि मुलं दिवसभर नदीवर नाहीतर खदानीत डुंबतात, त्यांना तरंगायला आणि दहा-पंधरा मीटर हात मारायला शिकवलंत, तर मुख्याधिकाऱ्यांना टिपणीत लिहायला एक भक्कम वाक्य मिळतं. 25 जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला बुडण्यापासून बचावाचा दिवस आहे. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, त्या दिवशी न.प.च्या बॅनरखाली कार्यक्रम घ्या. बॅनरवर त्यांचं नाव मोठं, आपलं लहान.

दुसरी देवाणघेवाण हंगामाची. आपल्याकडे टँकची खरी कमाई एप्रिल, मे आणि जूनचे तीन आठवडे. ऊन पंचेचाळीसच्या वर, विदर्भातल्या शाळा जून संपता संपता उघडणाऱ्या, आणि अख्ख्या गावाला पाण्यात उतरायचं असतं. नेमक्या या दिवसांत मंडळ सकाळच्या चांगल्या वेळेला चार लेन अडवून बसतं, म्हणून नगरपरिषदेला आणि जनतेला ते डोळ्यात खुपतं. पण मंडळाची गरज केव्हा असते? शालेय स्पर्धा जिल्ह्याला होतात त्या साधारण पावसाळ्यात आणि त्यानंतर, मग अमरावतीला विभाग, मग राज्य. 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या तिन्ही गटांच्या मुलांना जुलै ते ऑक्टोबर सराव हवा. आणि तेव्हाच टँक बंद! पहिला पाऊस पडला की गिऱ्हाईक संपतं, पाणी हिरवं होतं, कुलूप लागतं.

तेव्हा सौदा असा करा. उन्हाळ्याचे अडीच महिने मंडळ पहाटे पाच ते सहा एवढंच घेईल, त्यानंतर सगळ्या लेन जनतेला. त्याच्या बदल्यात जुलै ते ऑक्टोबर टँक चालू राहील, मंडळाला सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास मिळतील, आणि त्या महिन्यांच्या खर्चातला ठरलेला वाटा मंडळ उचलेल. पावसाळ्यात पाणी भरायचा खर्च जवळपास नसतो; वीज, क्लोरीन आणि एक माणूस एवढंच. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर आठ तास चालली तर साधारण पंचेचाळीस युनिट जातात, यावरून महिन्याचं गणित बसवता येतं. ज्या महिन्यांत नगरपरिषदेला शून्य मिळतं त्या महिन्यांत तुम्ही पैसे देताय, हे त्यांना पटवायला भाषण लागत नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ही गोष्ट पालकांना ठाऊक असते, नगरसेवकांना आठवण करून द्यावी लागते.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण नगरपरिषदेशी नातं जुळायची खरी जागा तिथं आहे, आणि मंडळं तिकडे ढुंकून पाहत नाहीत. तुमच्या गावात मे महिन्यात नळ आठ-आठ दिवसांनी येत असेल, तर टँकवर पहिली कुऱ्हाड पडणार हे ठरलेलं आहे. पंचवीस बाय साडेबारा मीटरचा, सरासरी दीड मीटर खोल टँक म्हणजे सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी. आकडा ऐकून सभेत लोक दचकतात. पण हे पाणी एकदा भरायचं असतं. रोजची तूट वेगळी. विदर्भाच्या मेमध्ये दिवसाला एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन जातं असं धरा, म्हणजे तीन हजार लिटरच्या आसपास. त्यात फिल्टर उलटा धुतानाचं पाणी मिळवा. यापेक्षा फार जास्त पाणी जात असेल तर टँक गळतोय, आणि ते तुम्ही एका दिवसात शोधून देऊ शकता. बादली टँकच्या पाण्यानं भरा, वजन ठेवून पायरीवर अशी उभी करा की तिचा काठ पाण्याबाहेर राहील, आतली आणि बाहेरची पातळी खडूनं मारा, मोटर बंद ठेवून चोवीस तासांनी बघा. आत-बाहेर सारखंच उतरलं तर ऊन खातंय. बाहेरचं जास्त उतरलं तर पाइप नाहीतर फरशी. हा कागद पाणीपुरवठा अभियंत्याला नेऊन द्या. तुम्ही मागायला आला नाहीत, सांगायला आलात, हे त्यांच्या लक्षात राहतं. फिल्टर धुतल्याचं पाणी गटारात सोडण्याऐवजी, दोन दिवस उन्हात ठेवून क्लोरीन उडाल्यावर, न.प.च्या झाडांना देता येतं का, हेही त्यांच्यासोबत बसून बघा.

घाटाखालचा बराच भाग खारपाणपट्टा, तेव्हा बोअरच्या पाण्याचं वेगळं. क्षार आधीच जास्त, वरून वाफ होऊन ते आणखी दाटतात. त्यात ब्लीचिंग पावडर ओतली की कॅल्शियम आणि पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचं माप) दोन्ही चढतात आणि पाणी दुधाळ दिसतं. मग टँकवाला म्हणतो क्लोरीन कमी पडला, आणखी ओततो, आणखी दुधाळ. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये ठेवायचा. पीएच साडेसात असेल तर क्लोरीनचा साधारण निम्मा भाग काम करतो, आठ असेल तर जेमतेम पाव. मोकळा क्लोरीन 1 ते 3 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम. डोस संध्याकाळी टँक बंद झाल्यावर द्यायचा, दुपारच्या उन्हात दिलेला तास-दोन तासांत निम्म्याहून अधिक उडून जातो. तपासायची पेटी फार महाग नसते, मंडळानं स्वतःची घ्यावी, रोज सकाळी आकडे वहीत लिहावेत, आणि वहीवर न.प.च्या माणसाची सही घ्यावी. काठावर उभं राहून खोल भागातली तळाची जाळी दिसत नसेल तर त्या दिवशी कोणालाही पाण्यात सोडू नका, मग ती मंडळाची बॅच असो की नगराध्यक्षांचे पाहुणे. गढूळ पाण्यात बुडालेलं पोर काठावरून दिसत नाही. यावर भांडण झालं तर होऊ द्या.

आता करार. भाडेपट्टा मागू नका, वापराची परवानगी मागा: ठरलेले तास, ठरलेल्या लेन. नगरपरिषदांच्या 1965 च्या कायद्यात स्थावर मालमत्ता तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्यानं देताना वरची मंजुरी लागते आणि एकूण मुदत नऊ वर्षांच्या पुढे जात नाही. त्या वाटेला गेलात की फाइल जिल्ह्याला फिरत बसेल. तासांची परवानगी सर्वसाधारण सभेच्या ठरावानं मिळू शकते. विषय आधी शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समितीत न्या, तिथून सभेत. सूचक एका पक्षाचा आणि अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा असेल तर उत्तम. म्हणजे पुढच्या निवडणुकीनंतर तुमचा ठराव कोणा एकाचा राहत नाही. पैशाशी संबंधित मागणी असेल, दुरुस्ती, नवी मोटर, तर डिसेंबरातच अर्ज द्या, कारण अंदाजपत्रक फेब्रुवारीत होतं आणि मार्चमध्ये मागणारा दारातून परत जातो.

करारात तास आणि लेन तर येतीलच. पण दोन गोष्टींवर अडून बसा. टँक बंद ठेवायचा असेल तर किती दिवस आधी लेखी कळवणार, आणि जीवरक्षक कोण देणार. माझं स्पष्ट मत, मंडळाच्या वेळेत जीवरक्षक मंडळाचा असावा आणि तो प्रशिक्षक नसावा. मुलांचे हात-पाय बघणारा माणूस पाण्याच्या तळाकडे बघू शकत नाही. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं प्रमाणपत्र असलेला कोच मिळाला तरी ते शिकवण्याचं प्रमाणपत्र आहे, वाचवण्याचं नाही. जीवरक्षणाचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं. आणि सगळ्यांना हे पक्कं शिकवा: बुडालेल्याला आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीवर दाब. टीव्हीवर पाहून नुसती छाती दाबत बसणं किंवा पोटातलं पाणी काढायला पोराला उलटं धरणं, दोन्हींत वेळ जातो. 108 चा फोन दुसऱ्यानं लावायचा.

मुलींच्या बॅचला बाई प्रशिक्षक किंवा निदान बाई मदतनीस, कपडे बदलायच्या खोलीकडे पुरुषांनी फिरकायचं नाही, प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी, पोक्सोची (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची) माहिती देणारा कागद भिंतीवर. हे तुम्ही स्वतःहून करारात घातलंत तर सीओ साहेबांची निम्मी धास्ती तिथंच जाते. एजन्सीच्या प्रस्तावात हे सहसा नसतं.

एजन्सी येणारच असेल तर तिला अडवण्यात ताकद घालवू नका. निविदा निघण्यापूर्वीच अटी-शर्तींच्या मसुद्यात मंडळाचे तास, न.प. शाळांची बॅच, तिकिटाची कमाल मर्यादा, रोजची पाणी-तपासणी आणि जीवरक्षकांची संख्या घालायला लावा. एकदा निविदा प्रसिद्ध झाली, करार झाला, की एजन्सीवाला शांतपणे म्हणतो, “माझ्या करारात नाही, साहेबांना विचारा,” आणि साहेब म्हणतात, “आता एजन्सीला विचारा.” मधल्या मध्ये मंडळ. तुमच्या हातात जो वेळ आहे तो हाच, निविदा निघेपर्यंतचा.

टँक नगरपरिषदेचा नसून क्रीडा संकुलाचा असता तर दार वेगळं असतं. तिथं संकुल समिती आणि क्रीडा अधिकारी. तुमच्या पत्रावर मुख्याधिकाऱ्यांची सही आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. पण टँक बांधला कोणत्या निधीतून, राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन की क्रीडा खात्याचं अनुदान, हे काढून ठेवा. मंजुरीच्या पत्रात वापराविषयी एखादी अट असते आणि ती बरेचदा तुमच्या बाजूची निघते. साधा अर्ज करून मिळालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार, तीस दिवस. मात्र पहिल्याच दिवशी माहिती अधिकार टाकू नका. ऑफिसात त्याचा अर्थ ‘भांडायला आले’ असाच घेतला जातो.

मोर्चाचंही तेच. पोरांना बोर्ड धरून उभं केलं की पेपरात फोटो येतो, आणि मंडळ कोणत्या गटाचं हे गावात ठरून जातं. त्यापेक्षा पोळ्याच्या आणि गणपती विसर्जनाच्या दिवशी नदीवर उभे राहा. बैल धुताना माणसं बुडतात हे आपल्याकडे दर वर्षाचं आहे. नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाला विचारून, लाइफ जॅकेट आणि दोरासह, अठरा वर्षांवरचे पाच-सहा जण द्या. एक सांभाळा: टँकमध्ये पोहणारा म्हणजे नदीत पोहणारा नव्हे. डोह, भोवरा, गाळ हे भोई-ढीवरांच्या पोरांना जास्त कळतं. त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नका, आणि जमलं तर त्यांनाच मंडळाचे सभासद करून घ्या.

उत्तराच्या पत्राचं आता. एका पानाचं ठेवा. परवानगी तोंडी होती हे सरळ लिहा, लपवू नका. मागच्या भाड्याबद्दल ‘मान्य आहे’ हे शब्द घाईनं लिहू नका. दर कोणत्या ठरावानं, कोणत्या तारखेपासून ठरला त्याची प्रत द्यावी म्हणजे कार्यकारिणीसमोर ठेवता येईल, असं लिहा. दरच ठरलेला नसेल, आणि बहुधा नसेलच, तर मंडळानं आजवर लेन दोऱ्या, फिल्टरची वाळू वगैरेवर केलेल्या खर्चाच्या पावत्या जोडून, तडजोडीची रक्कम सभेत ठरवावी अशी विनंती करा. पुढच्यासाठी लेन-तासांचा तक्ता, हंगामाचा प्रस्ताव आणि शुल्क भरायची तयारी. ठराव होईपर्यंत सध्याची बॅच तात्पुरत्या शुल्कावर चालू ठेवू द्यावी, ही मागणी शेवटच्या ओळीत. पत्र आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मग भेटीची वेळ मागा, आणि भेटायला तिघंच जा: तुम्ही, हिशोब सांगणारा एक जण, आणि मुलींच्या बॅचमधली एक आई.